वॉशर मोटर घरी बदलताना: आधी निदान, मग टाकी, मग मोटर

वायपरची दांडी ओढली आणि काचेवर पाणी आलं नाही, की बरेच जण थेट दुकानात जाऊन नवी वॉशर मोटर आणतात. ती बसवूनही पाणी येत नाही. किंवा येतं, पण पंधरा दिवसांत पुन्हा बंद पडतं. पहिल्या वेळी मोटर मुळात बिघडलेलीच नसते. दुसऱ्या वेळी, जुनी मोटर ज्या गाळाने मेली त्याच गाळात नवी बसवलेली असते. काम अवघड नाही, पहिल्यांदा करणाऱ्याला साधारण दोन तास लागतात. पण क्रम मोडून चालत नाही.

खालची कृती, टाकी पुढच्या बंपरमागे मडगार्डच्या पोटात असलेल्या गाड्यांना धरून लिहिली आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती तिथेच असते. तुमच्या गाडीत टाकी बॉनेटखाली वरून हाताला लागत असेल, तर तिसरा टप्पा सोडून द्या, बाकी सगळं तसंच करा.

टप्पा १: मोटर खरंच गेली आहे का?

या टप्प्याला घाई करू नका. निम्म्याहून जास्त चुका इथेच होतात.

इंजिन बंद, चावी फक्त ‘ऑन’. एकाने आत बसून दांडी दोन-तीन सेकंद ओढायची, दुसऱ्याने बॉनेट उघडून टाकीच्या बाजूला कान द्यायचा. चांगली मोटर बारीक, सलग ‘झूंऽऽ’ असा आवाज करते.

आवाज नीट येतोय पण पाणी नाही: मोटर जिवंत आहे. आधी टाकीत पाणी आहे का ते बघा. पाणी असेल, तर बॉनेटच्या आतल्या बाजूने जेटकडे (काचेवर पाणी उडवणाऱ्या तोंडाकडे) जाणारी काळी नळी जेटच्या बुंध्यापासून काढा आणि पुन्हा दांडी ओढा. नळीतून चिळकांडी उडाली तर जेट तुंबलाय. नळीही कोरडीच राहिली, तर बहुधा ती वाटेत कुठेतरी निसटली, पिळवटली किंवा कुरतडली गेली आहे. पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत बॉनेटखाली शिरतात आणि ही मऊ नळी त्यांच्या दाताला हमखास लागते. अशा वेळी पाणी पुढच्या चाकाजवळ जमिनीवर गळताना दिसतं. या सगळ्यात मोटर बदलण्याचं काही कारण नाही.

आवाज घरघरता किंवा दबका: मोटरच्या पात्यात गाळ अडकलाय, किंवा तिला पुरेसा करंट मिळत नाहीये.

आवाजच नाही: आता फ्यूज. ओनर्स मॅन्युअलमध्ये फ्यूजचा तक्ता असतो. वॉशरचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो आणि पुष्कळदा वायपरबरोबर सामाईक असतो. तो उडालेला असेल, तर आधी मोटरचा कपलर (वायरींचा प्लग; टाकी मडगार्डमध्ये असेल तर तिथे पोचायला टप्पा ३ आधी करा) काढा आणि मगच तेवढ्याच अँपिअरचा नवा फ्यूज घाला. दांडी ओढूनही फ्यूज टिकला, तर दोष मोटरमध्ये आहे. मोटर सुटी असतानाही उडाला, तर दोष वायरिंगमध्ये किंवा त्याच फ्यूजवर चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीत आहे. ती वाट वेगळी, तिथे नवी मोटर घेऊन उपयोग नाही.

सावधान: उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार घालू नका. मग फ्यूजऐवजी वायर जळते.

फ्यूज शाबूत असेल तर मोटरच्या कपलरपर्यंत पोचून करंट तपासायचा. इथे एक गैरसमज फार महागात पडतो: मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणजे वायरिंग ठीक. मल्टिमीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. वायरची एकच तार शिल्लक असली किंवा कपलरच्या पिनांवर हिरवा गंज चढलेला असला, तरी तो सुखाने १२ दाखवतो. प्रत्यक्षात मोटरने २ ते ४ अँपिअर मागितले की तोच व्होल्टेज कोसळतो. म्हणून तपासणी बल्बने करा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या, दोन वायरी जोडा आणि कपलरच्या दोन्ही पिनांना लावून दांडी ओढायला सांगा. हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. लख्ख पेटला तर वायरिंग चांगली. मिणमिणला तर कपलर किंवा अर्थिंग (बॉडीला जाणारी वायर) खराब.

ज्या गाड्यांना मागच्या काचेलाही वॉशर आहे, त्यांत बऱ्याचदा एकच मोटर दोन तोटींची असते. करंटची दिशा उलटली की ती पाणी पुढे न देता मागे देते. अशा गाडीत बल्बची एक वायर बॉडीला लावून तपासू नका, दोन्ही वायरी कपलरच्या पिनांनाच लावा. या मोटरबाबत आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: मागे पाणी येतं आणि पुढे येत नाही, असं असेल तर मोटरचं वाइंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) जळलेलं नाही, कारण दोन्हीकडे एकच मोटर फिरते. दोष दांडीच्या स्विचमध्ये, नळीत, किंवा मोटरच्या आतल्या रबरी पडद्यात असतो. पडदा चिकटला असेल तर मात्र मोटर बदलावी लागते.

तपासा: करंट पोचतोय आणि मोटर गप्प, हे दोन्ही पक्कं झालं? तरच पुढे जा.

टप्पा २: सामान जमवणं

नवी मोटर गाडीचा चॅसी नंबर सांगून मागवा. ‘अमुक मॉडेलची द्या’ एवढ्याने भागत नाही. एकाच मॉडेलच्या मागचा वायपर असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांत मोटर वेगळी असू शकते. हातात आल्यावर चार गोष्टी जुळवून बघा: तोट्या किती, तोटीचं तोंड कोणत्या बाजूला, टाकीत शिरणाऱ्या टोकाची जाडी, आणि कपलरची खोबण. तोटीचं तोंड उलट्या बाजूला असेल तर नळी पिळवटते, आणि ‘नवी मोटरही कमजोर निघाली’ असं वाटतं.

मोटरबरोबर नवा रबरी ग्रोमेट घ्याच. मोटर टाकीला स्क्रूने बसत नाही, ती या रबरात दाबून बसते. जुनं रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेलं असतं. अगदी स्वस्त वस्तू आहे, पण ती वाचवली तर टाकी गळणार. काही मोटरींबरोबर तो येतो, काहींबरोबर वेगळा मागावा लागतो.

बाकी लागेल ते: १० नंबरचा पाना किंवा सॉकेट, स्टार आणि चपटा स्क्रूड्रायव्हर, पकड, टॉर्च, बादली, जुना टूथब्रश, बाटली धुवायचा लांब दांड्याचा ब्रश, मास्किंग टेप, फेंडर लायनिंगच्या (मडगार्डच्या आतलं, चाकावरचं अस्तर) पाच-सहा जादा प्लॅस्टिक क्लिपा, आणि वॉशरची नळी हातभर. क्लिपा तुटतातच. आधी आणल्या नाहीत तर शेवटी लायनिंग चाकाला घासत घरी येते.

टप्पा ३: टाकीपर्यंत पोचणं

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ओंडका लावा. आता स्टिअरिंग टाकीच्या विरुद्ध बाजूला पूर्ण वळवा. टाकी उजव्या मडगार्डमध्ये असेल तर स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे चाकाची पुढची कड आत जाते आणि लायनिंगचा पुढचा भाग मोकळा होतो. बऱ्याच गाड्यांत एवढ्यावर काम होतं, चाक काढावं लागत नाही. वळवून झालं की चावी काढून खिशात ठेवा.

लायनिंग पूर्ण काढू नका. पुढच्या भागातल्या क्लिपा आणि स्क्रू काढले की ती हाताने मागे वाकवता येते. क्लिपा दोन प्रकारच्या असतात. एकीत मधला खिळा चपट्या स्क्रूड्रायव्हरने वर उचलायचा, दुसरीत तो दोन-तीन मिलिमीटर आत दाबायचा. कोणती आहे हे न बघता उपटली की तुटते. खाचेत माती बसलेली असते, ती आधी टूथब्रशने काढा.

सावधान: चाक काढायची वेळ आलीच, तर गाडी केवळ जॅकवर ठेवून मडगार्डखाली डोकं किंवा हात घालू नका. जॅक स्टँड लावा. तो नसेल तर हे काम गॅरेजमध्ये करून घ्या.

टप्पा ४: पाणी काढणं आणि जुनी मोटर उतरवणं

मोटर टाकीच्या तळाशी असते, म्हणून ती ओढताच उरलेलं सगळं पाणी बाहेर येतं. टाकी साधारण दोन-तीन लिटरची असते, आणि हे पाणी अंगठ्याएवढ्या भोकातून बाहीत शिरतं. वरून पारदर्शक नळी घालून पाणी आधी काढून घेता येतं, पण तोंडाने ओढू नका. विकतच्या वॉशर फ्लुइडमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते विषारी असतं. सोपा मार्ग म्हणजे खाली बादली ठेवायची.

१. कपलर काढा. त्याची कळ दाबून कपलर धरून ओढा, वायर धरून नव्हे.

२. नळीला टेपची खूण करा. दोन तोटी असतील तर ‘पुढे’ आणि ‘मागे’ असं लिहून ठेवा. फोटोही काढा, पण टेप हवीच, कारण नळ्या सुटल्या की दोन्ही सारख्याच दिसतात.

३. नळी सरळ ओढू नका. आधी थोडी गोल फिरवून तिची पकड सोडवा. फिरत नसेल तर गरम पाण्यात बुडवलेलं फडकं मिनिटभर गुंडाळा. पकडीने ओढलेली नळी तोटीपाशी चिरते.

४. मोटर तिच्या खोबणीतून बाजूला कलती करा आणि मग सरळ वर उचला. डावी-उजवीकडे जोरात हलवू नका, जुन्या टाकीचं प्लॅस्टिक तडकतं.

५. ग्रोमेट बोटाने बाहेर काढा. तो टाकीच्या आत पडला तर चिमट्याने लगेच काढा.

आता हातातला ग्रोमेट उजेडात उलटा धरून बघा. त्याच्या तळाला बारीक जाळी असते. ती हिरवट बुळबुळीत थराने भरलेली आणि कडांना पांढरे खरखरीत कण चिकटलेले दिसले, तर मोटर कशाने मेली ते समजलं. बुळबुळीत थर साचलेल्या पाण्यातल्या शेवाळाचा, कण जड पाण्यातल्या क्षारांचे. जाळी तुंबली की मोटरला पाणी मिळत नाही, ती जवळपास कोरडी फिरते आणि तापते.

टप्पा ५: टाकी धुणं

हाच टप्पा लोक सोडतात. जुनी काढली, नवी दाबली, पाणी भरलं. तळाचा गाळ पहिल्याच पाण्याबरोबर नव्या जाळीवर येऊन बसतो.

खाली बादली ठेवून टाकीच्या गळ्यातून लिटरभर स्वच्छ पाणी ओता आणि तळाच्या भोकातून वाहून जाऊ द्या. पहिलं पाणी गढूळ येईल. मग भोकाला अंगठा लावून टाकीत अर्धा लिटर कोमट पाणी घाला आणि लांब ब्रश भोकातून किंवा गळ्यातून पोचेल तिथपर्यंत फिरवा. उकळतं पाणी नको, टाकीचा आकार बिघडतो.

पांढरा थर जाड असेल तर पाणी आणि साधं व्हिनेगर सम प्रमाणात घेऊन, भोकाला बूच लावून अर्धा तास ठेवा. लिंबूसत्त्वही चालतं, लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे. नंतर तीन-चार वेळा भरपूर पाण्याने धुवा. संडास साफ करायचं ॲसिड मात्र टाकीत घालू नका, ते आजूबाजूच्या पत्र्याला आणि रबराला खातं.

तपासा: तळाच्या भोकातून येणारं पाणी पांढऱ्या वाटीत धरा. एकही कण दिसत नाही तोवर धूत राहा. टॉर्च लावून भोकाची कडही बघा. तिथे जुन्या रबराचा तुकडा चिकटलेला असला तर नवा ग्रोमेट गळणारच.

नळीही याच वेळी साफ करा. जेटकडचं टोक सोडा आणि मोटरकडच्या टोकातून फुंका. हवा सहज जायला हवी. वाटेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर मोटरकडून जेटकडे हवा जाते, उलट जात नाही. तो दोष नाही, त्याचं कामच ते आहे. मात्र हा व्हॉल्व्ह काढून पुन्हा लावताना उलटा बसला, तर नवी मोटर कितीही जोर लावो, पाणी येणार नाही. त्यावर बाण असतो, तो जेटकडे.

टप्पा ६: नवी मोटर आधी बाहेर चालवून मग बसवणं

बसवण्याआधी दहा सेकंद खर्च करा. मोटरचं टाकीत जाणारं टोक मगभर पाण्यात बुडवा, कपलर जोडा, दांडी दोन सेकंद ओढायला सांगा. तोटीतून पाणी उसळलं पाहिजे. दोन तोटींची असेल तर पुढचा आणि मागचा, दोन्ही वॉशर चालवून बघा. सदोष नग इथेच पकडला जातो आणि दुकानदार बदलून देतो. टाकीत बसवून ओल्या झालेल्या मोटरबाबत मग वाद होतात.

सावधान: मोटर कोरडी चालवून ‘आवाज येतोय ना’ असं बघू नका. आतलं सील पाण्यानेच थंड आणि ओलं राहतं.

आता ग्रोमेट. आधी तो टाकीच्या भोकात बसवा, नंतर त्यात मोटर. ग्रोमेट मोटरला चढवून दोन्ही एकदम दाबले की रबराची कड आत दुमडते आणि टाकी थेंबथेंब गळते. बाहेरची कड बोटाने गोल फिरवून सगळीकडे सारखी बसली का ते बघा.

रबराला आणि मोटरच्या टोकाला पाण्यात कालवलेल्या शाम्पूचे दोन थेंब लावा, किंवा सिलिकॉन ग्रीस. चाकाचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, ही रबरं खनिज तेलाने फुगतात आणि काही महिन्यांत सैल होतात. मोटर सरळ धरून अंगठ्याने दाबा. ‘टप्’ करून ती खांद्यापर्यंत आत बसते, मग वरचा भाग टाकीच्या खोबणीत दाबा. हातोडी किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकू नका. जात नसेल तर रबर दुमडलंय.

गळती थांबवायला एम-सील किंवा फेव्हिक्विक लावणं तर नकोच. पुढच्या वेळी मोटरबरोबर टाकीही फेकावी लागते.

नळीचं टोक सैल झालं असेल तर सेंटिमीटरभर कापून तोटीवर पूर्ण चढवा. कपलरच्या पिना हिरव्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून टूथब्रशने घासा, मग ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा.

टप्पा ७: लायनिंग लावण्याआधीची चाचणी

सगळं उघडं असतानाच चाचणी घ्या.

टाकीत लिटरभर पाणी घाला आणि पाच मिनिटं काहीच करू नका. ग्रोमेटखाली कोरडं टिश्यू धरा. ते ओलं झालं तर मोटर काढून रबर पुन्हा बसवा.

मग दांडी ओढा. नळीत हवा भरलेली असते, त्यामुळे पहिले तीन-चार सेकंद काहीच येणार नाही. ओढून सोडा, पुन्हा ओढा. सलग दहा सेकंदांहून जास्त चालवू नका. पुढची दांडी ओढल्यावर मागे पाणी आलं तर नळ्यांची अदलाबदल झाली आहे. एकाच तोटीच्या मोटरला कोणी कपलरऐवजी हाताने वायरी जोडलेल्या असतील आणि धार मरतुकडी असेल, तर वायरी उलटसुलट झाल्या असण्याची शक्यता आहे. मोटर उलटी फिरते, पाणी थोडंफार येतं, पण जोर नसतो.

जेट एकच बारीक धार सोडणारा असेल तर पातळ टाचणीने साफ करून दिशा नीट करा, धार काचेच्या मध्यापासून थोडी वर पडावी. पंख्यासारखा फवारा मारणाऱ्या जेटमध्ये टाचणी घालू नका, त्याची आतली रचना बिघडते. तो काढून कोमट व्हिनेगरच्या पाण्यात ठेवा.

सगळं जमलं की लायनिंग लावा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून चाक कुठे घासत नाही ना ते बघा.

टप्पा ८: टाकीत काय भरायचं

बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार जेट आणि जाळी दोन्ही बुजवतात. त्याहून वाईट म्हणजे आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणी. ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून अनेक घरांत ते गाडीत जातं, पण आरओने वेगळे काढलेले क्षार त्यातच असतात. आरओचं शुद्ध पाणी चालेल. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालेल, कारण त्यात क्षार जवळपास नसतात. मात्र ते सुती फडक्यातून गाळून घ्या.

त्यात वॉशर फ्लुइडचं कॉन्सन्ट्रेट, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. भांड्यांचा साबण नको, त्याचा फेस होतो आणि काचेवर चिकट थर राहतो. घाटात समोरून ट्रकचे दिवे आले की तो थर चमकतो आणि रस्ता दिसेनासा होतो.

सावधान: झाकणावर काच आणि फवाऱ्याचं चित्र आहे ना, ते बघूनच ओता. कूलंट वॉशरच्या टाकीत गेलं तर काचेवर तेलकट ओघळ येतात. थंडीत हिमाचल किंवा लडाखला गाडी नेणार असाल, तर साधं पाणी रात्रीत गोठून मोटर फोडतं. निघण्याआधी न गोठणारं फ्लुइड भरा आणि दांडी ओढून ते नळीतही पोचवा.

हेडलाइट वॉशर असेल तर

झेनॉन दिवे असलेल्या काही गाड्यांत त्याच टाकीला हेडलाइट धुणारी दुसरी मोटर असते. ती आकाराने मोठी, नळी जाड, फ्यूज आणि बहुधा रिले (जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच) वेगळा. काढण्याआधी कोणती मोटर कशाची ते नळीचा माग काढून पक्कं करा, कारण शेजारी पाणी संपल्याची सूचना देणारा सेन्सरही तशाच ग्रोमेटमध्ये बसलेला असू शकतो.

ही मोटर गेली असं ठरवताना आणखी घोटाळा होतो. हेडलाइट चालू नसतील तर ती चालतच नाही. काही गाड्यांत दांडी काही क्षण धरून ठेवावी लागते, काहींत ती दर वेळी न चालता ठरावीक खेपांनंतरच चालते, आणि पाणी कमी असेल तर मुद्दाम बंद ठेवलेली असते. म्हणून आधी टाकी भरा, लो बीम लावा, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते वाचा, आणि मगच फ्यूजकडे वळा.

चाचणी घेताना बंपरसमोर उभे राहू नका. जेट झटक्यात बाहेर येतो आणि पाण्याचा दाब काचेच्या वॉशरपेक्षा बराच जास्त असतो. एका बाजूचा जेट बाहेर येतो आणि दुसरा येत नाही, असं असेल तर मोटर चांगली आहे. अडकलेल्या जेटभोवतीची माती कोमट पाण्याने धुवा आणि तो हाताने हळूच बाहेर ओढून सोडा. सहज आत-बाहेर व्हायला लागला की पुन्हा चालवून बघा.